भाषेला घर लागते!



सातासमुद्रापलीकडे आयर्लंडच्या उत्तर भागात बेलफास्ट नावाचे शहर आहे. त्या शहरातल्या एका गल्लीचे नाव आहे 'बॉम्बे स्ट्रीट'! दचकलात ना? शेजारीच 'काश्मीर रोड'ही आहे. इंग्रजाचे साम्राज्य ऐन भरात होते तेव्हाची ही करामत. एका गुलाम मुलखाची नावे काढायची आणि दुसऱ्या गुलाम मुलखातल्या गल्ल्यांना चिकटवायची! त्या गल्लीत राहत कोण होते? तुमचेच भाईबंद. बेलफास्ट म्हणजे जवसाच्या धाग्याचे, लिननचे कापड विणणारे शहर. गिरणीच्या भोवती विटांच्या लहान लहान घरांच्या रांगा आणि त्यांत कोंबलेली कामकरी माणसे. आमच्या लालबाग-परळच्या माणसाला तिथे नेऊन सोडला, तर बोली कळणार नाही, पण वस्ती ओळखीची वाटेल.

१५ ऑगस्ट १९६९. आपल्याकडे त्या दिवशी झेंडे फडकत होते आणि तिकडे ही बॉम्बे स्ट्रीट जळत होती. कॅथॉलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट अशी धर्माच्या नावाने माणसे एकमेकांवर सोडण्यात आली होती. पिसाळलेल्या जमावाने गरिबांची घरे पेटवून दिली. लोक रडले आणि रडून झाल्यावर उठले. सरकारच्या तोंडाकडे न पाहता त्यांनी ती गल्ली पुन्हा उभी केली. त्या बांधकामाला हात लावणाऱ्यांत काही तरुण असे होते, की ते त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या कडेला, शॉज रोडवर, आणखी एक उद्योग करीत होते. मेली मेली म्हणून जिची तिरडी बांधली गेली होती, त्या आपल्या आयरिश भाषेसाठी ते घरे बांधीत होते!

भाषेसाठी घरे? होय, विटा-सिमेंटची, चार भिंतींची, खरीखुरी घरे. आजचा अग्रलेख त्या घरांसाठी आहे.

पण आधी हे पाहू, की एवढी जुनी भाषा तिरडीपर्यंत गेली कशी?

ती आपल्या मरणाने चालली नव्हती. तिचा गळा आवळला गेला. १८३१ सालापासून इंग्रजाने आयर्लंडभर सरकारी शाळा काढल्या आणि शिक्षण दिले इंग्रजीतून. पोराच्या गळ्यात एक काठी अडकवीत. पोराच्या तोंडून आयरिश शब्द निघाला की काठीवर एक खाच, दुसरा निघाला की दुसरी खाच. मग खाचा मोजायच्या आणि तितके रट्टे पाठीवर! सात-आठ वर्षांचे लेकरू. त्याचा गुन्हा काय, तर आईने शिकवलेला शब्द ते बोलले!

आणि ऐका, याहून वाईट गोष्ट पुढे आहे. काही ठिकाणी ती खाच खुद्द बापच पाडीत असे. बाप काय कसाई होता? नाही. बाप भुकेला होता. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि तिथे महाभयंकर दुष्काळ सुरू झाला. दहा लाख माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली, दहा लाखांहून अधिक देशोधडीला लागली. आणि त्याच दिवसांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जातच होते! सगळ्यात जास्त मार बसला तो पश्चिमेकडच्या गरीब कुळांना, म्हणजेच आयरिश बोलणाऱ्यांना. त्या बापाला एवढेच कळले होते, की पोराला जगवायचे तर बोटीत बसवून अमेरिकेला नाही तर इंग्लंडला धाडले पाहिजे आणि तिकडे भाकर मिळते ती इंग्रजीत. म्हणून त्याने काळजावर दगड ठेवून काठीवर खाच पाडली.

तेव्हा ध्यानात धरा, भाषा पहिल्यांदा पोटात मरते आणि मग जिभेवर!

१८९३ साली डग्लस हाइड, ओइन मॅकनील आदी मंडळींनी 'गेलिक लीग' काढली. गावोगाव आयरिशचे वर्ग सुरू झाले. कारकून, दुकानात राबणारे, मास्तर, शिकणारी पोरे रात्री जमून अक्षरे गिरवू लागली. त्यातून स्वाभिमान जागा झाला आणि त्या स्वाभिमानातून पुढे १९१६ चे बंड झाले. त्या बंडाचा एक पुढारी पॅट्रिक पिअर्स हा मुळात भाषेचा शिपाई. आपल्या शाळेत तो पोरांना आयरिशमधून शिकवीत होता. दुसरा पुढारी जेम्स कॉनोली हा कामगारांचा शिपाई. दोघांनाही मे १९१६ मध्ये इंग्रजाने गोळ्या घातल्या. जखमी कॉनोलीला उभे राहता येईना, तर त्याला खुर्चीवर बसवून मारला!

या कॉनोलीची आठवण गिरणी कामगाराने विसरू नये. १९११ साली बेलफास्टच्या गिरण्यांतल्या पोरींवर मालकांनी नियम लादले. कामावर गायचे नाही, हसायचे नाही, बोलायचे नाही. मोडाल तर दंड. पोरी संपावर गेल्या. संप लांबला, घरात चूल पेटेना. तेव्हा कॉनोलीने त्यांना सांगितले, आता कामावर जा, पण सगळ्याजणी मिळून गात गात जा. एकीला हटकले तर सगळ्यांनी गायला लागायचे. एकीला बाहेर काढले तर सगळ्यांनी बाहेर पडायचे. आणि पोरी तशाच गात गात खात्यात शिरल्या! प्रश्न तिथे आयरिशचा नव्हता. माणसाच्या तोंडाला कुलूप घालण्याचा हक्क मालकाला आहे की नाही, हा प्रश्न होता. कुलूप एकटीने मोडता येत नाही, सगळ्यांनी एका वेळी तोंड उघडावे लागते, हे त्या पोरींनी दाखवून दिले.

भाषेबद्दलही कॉनोलीचे मत रोखठोक होते. उपाशी माणसाला गेलिक शिकवता येत नाही, असे त्याने १८९८ सालीच बजावले होते. भाषाभक्तांना ते झोंबले असेल. पण पुढचा सगळा इतिहास त्याच्याच बाजूने साक्ष देतो.

१९२२ साली आयर्लंडच्या मोठ्या भागाला आपले राज्य मिळाले. उत्तरेचा तुकडा इंग्रजाकडे राहिला. १९३७ च्या घटनेत आयरिश ही राष्ट्राची भाषा आणि पहिली राजभाषा ठरली. पुढच्याच वर्षी गेलिक लीगवाला डग्लस हाइड राष्ट्राध्यक्ष झाला. शाळाशाळांतून आयरिश सक्तीची झाली आणि सरकारी नोकरीला आयरिशची अट बसली. आणखी काय पाहिजे? बत्तीस पक्वान्नांचे ताट वाढले होते!

आणि घडले काय? पोरे बारा-बारा, तेरा-तेरा वर्षे आयरिश घोकू लागली, परीक्षा द्यायला लागली आणि शाळा सुटली की ती विसरायला लागली. परीक्षेपुरती भाषा म्हणजे हजेरीपुरता कामगार. नाव मस्टरवर आणि साचा बंद! तिकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या गावांत ही भाषा घराघरांत नांदत होती, तिथल्या पोरांना काम कुठे होते? ती चालली बॉस्टनला, चालली इंग्लंडला. डब्लिनच्या कचेरीत भाषेची आरती चालू होती आणि भाषा बोलणारे पोर बोटीत बसत होते.

मग कोणी शहाणा विचारील, राज्य मिळून तरी काय झाले? राज्य कशाला हवे होते? असे विचारणाऱ्याला आमचे उत्तर आहे: शेत आपल्या नावावर झाल्याशिवाय पेरणार कुठे? राज्य पाहिजेच. त्यासाठी आमच्याही शंभरावर माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या आणि १ मे १९६० चा दिवस उगवला. पण सातबारावर नाव लागले म्हणून पीक उभे राहत नाही. नांगर आपल्यालाच धरावा लागतो.

आयर्लंडमध्ये तो नांगर धरला तरण्या पोरांनी आणि कामकरी माणसांनी. ते कसे, ते पाहा.

१९३५ साली कॉनेमाराच्या खडकाळ किनाऱ्यावरची २७ कुटुंबे मीथ परगण्यातल्या सुपीक जमिनीवर वसवली गेली. ते फुकट मिळाले नाही. मार्टिन ओ कायन नावाच्या तरुण मास्तराने आणि त्याच्या सोबत्यांनी त्यासाठी चळवळ केली. त्यांची मागणी काय होती? 'आमच्या भाषेचा गौरव करा' असे रडगाणे त्यांनी गायले नाही. 'आम्हाला जमीन द्या, भाषेचे आम्ही पाहून घेतो' असे त्यांच्या मागणीचे रोकडे रूप होते. त्या वस्तीचे नाव राह केर्न. तिथे आजही आयरिश बोलली जाते. जमीन मिळाली, माणूस टिकला, भाषा टिकली.

१९६९ साली त्याच कॉनेमारात तरुणांनी आयरिश भाषक भागाच्या नागरी हक्कांची चळवळ उभारली. सरकारी रेडिओ आमच्या भाषेला जागा देत नाही काय? ठीक आहे! १९७० च्या ईस्टरला त्यांनी स्वतःचेच चोरटे रेडिओ केंद्र सुरू केले. कायद्याने गुन्हा, पण गावातल्या म्हाताऱ्यांनी आपल्या बोलीतला आवाज खोक्यातून ऐकला. सरकारला झक मारत १९७२ साली आयरिशचे नभोवाणी केंद्र काढावे लागले. १९९६ साली दूरचित्रवाणीही आली.

आणि मग बेलफास्ट. उत्तरेच्या त्या तुकड्यात ही भाषा म्हणजे सरकारच्या डोळ्यांतले कुसळ. तिथे १९६९ साली शॉज रोडवर मूठभर तरुण जोडप्यांनी एकत्र घरे बांधली. दोघांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी. आयरिश त्यांनी दिवसभर राबून, संध्याकाळच्या वर्गांत बसून कमावलेली. त्यांनी ठरवले, आपली भाषा मोडकीतोडकी असेल, पण आपली पोरे पाळण्यापासून आयरिश ऐकतील. त्यांचे ब्रीद होते, 'बोलू नका, करा!' भाषेच्या चळवळीने 'बोलू नका' म्हणावे, ही मोठी गंमत. पण त्या तीन शब्दांत शंभर ठरावांचे सार आहे.

१९७१ साली त्यांनी शाळा काढली. पोरे किती? नऊ! पटावर नऊ पोरे आणि सरकारकडून एक दमडी नाही. आयाबायांनी, बापांनी वर्गण्या गोळा केल्या, बादल्या घेऊन दारोदार फिरले, मास्तरांचे पगार भागवले. तेरा वर्षे अशी रेटली, तेव्हा १९८४ साली सरकारने त्या शाळेला मान्यता दिली. १९९१ साली माध्यमिक शाळा काढली, तिथेही सुरुवात नऊच पोरांनी. आज उत्तर आयर्लंडमध्ये सात हजारांवर मुले आयरिश माध्यमातून शिकतात. नवाचे सात हजार! असा गुणाकार कोणत्याही मंत्र्याने केलेला नाही.

त्या शाळांतून निघालेली पोरे आता रस्त्यावर आली आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये, नाताळच्या तोंडावर, तिथल्या एका मंत्र्याने ५०,००० पौंडांची एक शिष्यवृत्ती बंद केली. गरीब घरची पोरे त्या पैशांवर आयरिश भाषक गावांत जाऊन राहत आणि शिकत. सरकारी खजिन्याच्या मानाने रक्कम किती? चहापाण्याची! पण पोरांनी ओळखले की पैसा वाचवायचा नाही, आपल्याला आपली पायरी दाखवायची आहे. पोरे खवळली. काही दिवसांतच मंत्र्याला शिष्यवृत्ती परत द्यावी लागली. पण पेटलेली पोरे तेवढ्यावर घरी जाईनात. लाल सदरे घालून ती निघाली. लाल रंग इथे संतापाचा. मे २०१७ मध्ये बेलफास्टचे रस्ते लाल झाले आणि मे २०२२ मध्ये पुन्हा हजारोंच्या संख्येने. शाळकरी पोरे, कडेवर लेकरे घेतलेल्या आया, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वी बादल्या घेऊन फिरलेले म्हातारे, सगळे एका मोर्चात. ६ डिसेंबर २०२२ रोजी लंडनच्या पार्लमेंटचा कायदा झाला. आयरिशला तिथे अधिकृत मान्यता मिळाली आणि न्यायालयात आयरिश बोलायला बंदी करणारा १७३७ सालचा कायदा रद्द करण्याची तरतूद झाली. जवळजवळ तीनशे वर्षांचे कुलूप पोरांनी तोडले!

आणि पोरे नुसती मोर्चे काढीत नाहीत. ती त्या भाषेत गातात, भांडतात, शिव्या देतात, टवाळ्या करतात. पश्चिम बेलफास्टच्या 'नीकॅप' या टोळक्याने आयरिशमध्ये रॅप म्हणायला सुरुवात केली. सोवळ्यातल्या भाषाभक्तांनी नाके मुरडली. मुरडू द्या! देवघरात पुजलेली भाषा सोवळी राहते आणि उपाशी मरते. नाक्यावर उतरलेली भाषा मळते, पण जगते. दुसरे एक दृश्य पाहा. पूर्व बेलफास्ट हा गोदी कामगारांचा प्रॉटेस्टंट भाग, आयरिशला परक्यांची भाषा समजणारा. तिथे लिंडा अर्व्हाइन या बाईंनी २०११ पासून आयरिशचे वर्ग चालवले आणि तिथलीच माणसे येऊन बसू लागली. ज्या दोन वस्त्यांत दगडफेक चाले, त्या आता एकच भाषा गिरवतात. भाषा कोणा एका धर्माच्या बापाची नाही, हे याहून चांगले कोण सांगणार?

आता कडू घोट. आमच्या वाचकाला आम्ही खोटे गोड सांगत नाही. २०२२ च्या शिरगणतीत दक्षिणेकडच्या आयर्लंडमध्ये १८,७३,९९७ लोकांनी 'आम्हाला आयरिश येते' असे लिहून दिले. म्हणजे शंभरात चाळीस! पण शाळेच्या बाहेर रोज बोलणारे किती? फक्त ७१,९६८. आणि २०१६ साली ते ७३,८०३ होते. जिथे ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदली त्या पश्चिमेच्या गावांत तर रोज बोलणारे २०,२६१ उरले. येते म्हणणारे अठरा लाख आणि बोलणारे बहात्तर हजार! उरलेली भाषा कुठे गेली? ती कागदावर आहे, पाट्यांवर आहे, भाषणाच्या पहिल्या वाक्यात आहे.

गावांत ती का आटते? तिथल्या तरुणाला विचारा. तो सांगेल, घर परवडत नाही. समुद्रकाठचा देखणा मुलूख. शहरातला पैसेवाला येतो, सुट्टीसाठी बंगला घेतो, वर्षातून चार आठवडे राहतो किंवा पाहुण्यांना भाड्याने देतो. किमती चढतात. गावचा पोरगा लग्न करून घर शोधतो आणि गाव सोडून जातो. त्याच्याबरोबर त्याच्या पोटी येणारी आयरिश बोलणारी पोरेही जातात. पूर्वी दुष्काळाने माणूस हाकलला, आज बंगल्याने हाकलला. म्हणून आज तिथली तरुण पोरे भाषेच्या चळवळीत घरांची मागणी करतात. ती पोरे आम्हाला फार शहाणी वाटतात.

बंधूंनो, हे वाचताना तुमच्या पोटात कालवले नसेल तरच नवल! गिरणगावात मराठी कोणी शिकवली होती? तिथे मराठी होती ती चाळीच्या गॅलरीत, नळावरच्या भांडणात, भजनी मंडळात, शाहिराच्या डफावर, रात्रशाळेच्या बाकावर. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, चाळींच्या जागी मनोरे उठले आणि कामगाराचा पोरगा विरार-बदलापूरच्या पलीकडे फेकला गेला. ज्याने या शहराला कापड दिले आणि या राज्याला रक्त दिले, त्यातले कितीतरी घरासाठी अर्ज करून अजून वाट पाहताहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्हाला आनंदच आहे, त्या पाटावर बसायचा तिचा हक्क होता. पण अभिजात भाषा बोलणाऱ्याला या शहरात खोली मिळेल काय, हे कोणी सांगाल का? मराठी आयरिशइतकी क्षीण नाही, कोट्यवधी तोंडांत ती आहे. पण वस्ती मोडली की भाषा पांगते, हा नियम दोघींना सारखाच लागू आहे.

आणि दोष सगळा सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. त्या काठीचे काय? आज कोणी पोराच्या गळ्यात काठी अडकवीत नाही. पण पाहुण्यांसमोर पोरगे मराठीत बोलले की आपणच डोळे वटारतो, 'इंग्लिशमध्ये सांग' म्हणतो. खाच पडते, फक्त दिसत नाही! पोराने इंग्रजी जरूर शिकावी, फाडफाड बोलावी. बेलफास्टच्या त्या पोरांनाही इंग्रजी उत्तम येते. भाकरीची भाषा शिकताना आईची भाषा लाजेची ठरवू नका, एवढेच आमचे मागणे आहे.

तेव्हा भाषेचे कैवारी म्हणून जो कोणी तुमच्या दारी मत मागायला येईल, त्याला पाट्या आणि ठराव विचारू नका. त्याला तीनच प्रश्न विचारा. आमच्या पोराला काम कुठे आहे? आमच्या वस्तीतली मराठी शाळा चालू राहणार का? आमचे घर कधी देतोस? या तीन प्रश्नांना ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याचे भाषाप्रेम म्हणजे मस्टरवरचे खोटे नाव समजा.

आणि तुम्ही स्वतः? शॉज रोडवरची ती माणसे तुमच्यासारखीच हातावर पोट असणारी होती. सरकार अनुकूल होईल, पैसा येईल, पोरे वाढतील, अशी वाट पाहत ती बसली नाहीत. नऊ पोरे होती, नवांची शाळा काढली. तुमच्या चाळीत, तुमच्या सोसायटीच्या जिन्याखाली नऊ पोरे सापडणार नाहीत काय? संध्याकाळी त्यांना जमवा. गोष्टी सांगा, संपाच्या आणि मोर्चाच्या आठवणी सांगा, वाचायला पुस्तक द्या, आणि त्यांची मराठी तुमच्यापेक्षा वेगळी निघाली तर हसू नका. ती त्यांची आहे, म्हणूनच ती उद्या असेल.

जळालेली बॉम्बे स्ट्रीट तिथल्या माणसांनी विटेवर वीट ठेवून उभी केली. मुंबईच्या माणसाला ते जमणार नाही, असे कोण म्हणतो?

बोलू नका, करा! आणि करताना मराठीत बोला!

जय महाराष्ट्र!